इंजिन थंड, गिअरबॉक्स तापलेला!

घाट चढताना गाडीतल्या तापमानाच्या काट्यावर सगळ्यांचे लक्ष असते. पण ऑटोमॅटिक गाडीत ज्या भागाला सर्वांत जास्त ताप चढतो, त्याची खबर हा काटा देतच नाही. कुटुंबाच्या व्हॅनचा गिअरबॉक्स वाचवणाऱ्या एका छोट्याशा जाळीची ही ओळख.

जुलै महिन्यातली एक दुपार डोळ्यांसमोर आणा. कॅलिफोर्नियातले योसेमिटीचे धबधबे पाहून एक मराठी कुटुंब लॉस एंजेलिसला परत निघाले आहे. व्हॅनमध्ये मुलगा, सून, दोन नातवंडे आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आजी-आजोबा. मागे बॅगा, छपरावर सामानाची पेटी, पायाशी पाण्याच्या बाटल्या आणि आजींनी पहाटे उठून केलेल्या दशम्यांचा डबा. बेकर्सफील्ड मागे पडते. दुतर्फा पसरलेली सपाट शेते संपतात आणि समोर पिवळसर, उघडे डोंगर उभे राहतात. बाहेर चाळीस अंशांचे ऊन. तेवढ्यात रस्त्याकडेला पाटी दिसते : गाडी तापू नये म्हणून वातानुकूलन बंद करा.

आजोबांना खंडाळ्याचा घाट आठवतो. चढावर कडेला थांबलेली एस.टी., चाकामागे लावलेला दगड, उघडलेले बॉनेट आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतणारा ड्रायव्हर. ते विचारतात, "इथेही गाड्या तापतात का रे?"

मुलगा हसून समोरच्या काट्याकडे बोट दाखवतो. "बघा ना बाबा, काटा मधोमध आहे. काही काळजी नाही."

मुलाचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. तो काटा इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याचे तापमान सांगतो. सहा माणसांचे आणि त्यांच्या सामानाचे ओझे चढावर ओढताना गिअरबॉक्समधले तेल किती तापले आहे, याची त्याला कल्पनाही नसते. म्हणूनच काटा जागचा हललेला नसतानाही गाडी अचानक ओढेनाशी होते, इंजिन नुसतेच गुरगुरू लागते, गिअर बदलताना हिसका बसतो आणि कुठून तरी जळका वास येतो. मग भर उन्हात, महामार्गाच्या कडेला, लहान मुले आणि वृद्ध आईवडील यांच्यासह ओढगाडीची वाट पाहत बसणे नशिबी येते. सहलीचा विचका तर होतोच, शिवाय गिअरबॉक्स नव्याने बांधून घ्यायचा म्हणजे अमेरिकेत काही हजार डॉलरचा फटका!

हे टाळता येते का? बऱ्याच वेळा येते. त्यासाठी लागणारी वस्तू वहीच्या पानाएवढी असते. तिला जादा ट्रान्समिशन कूलर म्हणतात.

चढ जुनाच, गाडी मात्र वेगळी

वर सांगितलेला चढ 'ग्रेपव्हाइन' या नावाने ओळखला जातो. तिथे पूर्वी रानटी द्राक्षांच्या वेली होत्या, त्यावरून हे नाव पडले. सॅन होआकिन खोऱ्याच्या सपाटीवरून निघालेला हा महामार्ग सुमारे १,२६० मीटर उंचीच्या तेहोन खिंडीपर्यंत चढत जातो. शंभर मीटर पुढे जाताना सहा मीटर वर, असा काही ठिकाणी त्याचा चढ आहे. आपल्या घाटांसारखी तीव्र वळणे त्यात नाहीत, पण नेमकी तीच अडचण ठरते. वळणे नाहीत म्हणून वेग कमी होत नाही आणि सगळा चढ गाडी भरधाव वेगात, पूर्ण ताकदीनिशी चढत राहते.

अमेरिकेत असे चढ आणखीही आहेत. कोलोरॅडो राज्यात १९७३ मध्ये सुरू झालेला आयसेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यात तर १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस इतक्या तापमानाची नोंद झाली होती. आणि सुट्टी लागली की कुटुंबेच्या कुटुंबे याच रस्त्यांनी निघतात.

ही कुटुंबे ज्या व्हॅनमधून फिरतात, ती व्हॅन तशी अलीकडची. क्रायस्लर कंपनीने १९८३ च्या अखेरीस डॉज कॅरॅव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या दोन गाड्या बाजारात आणल्या आणि 'मिनिव्हॅन' हा शब्द अमेरिकन घरांत रुळला. मोटारगाडीसारखी चालणारी, सरकत्या दाराची, मुलाबाळांसह सात जणांना सामावून घेणारी ही गाडी पाहता पाहता घरोघरी पोचली.

पण या सोयीची किंमत एका भागाला मोजावी लागली. या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल असा सगळा संसार पुढच्या अरुंद जागेत आडवा मांडलेला असतो. वारा खेळायला जागा कमी, आणि ओझे मात्र एखाद्या छोट्या टेम्पोएवढे. त्यातून मागे बोट किंवा सामानाचा ट्रेलर जोडला, की गिअरबॉक्सची कसोटी लागते. बऱ्याच मिनिव्हॅनना पुरेशा तयारीनिशी ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,६०० किलो वजन ओढण्याची परवानगी असते. 'पुरेशा तयारीनिशी' हे शब्द येथे महत्त्वाचे. त्या तयारीत बहुधा मोठ्या किंवा जादा कूलरचा समावेश असतो.

दोन पंख्यांची गोष्ट

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इतका तापतो तरी का? त्यासाठी घरातल्या दोन टेबलफॅनचा प्रयोग मनात करून पाहावा. दोन्ही पंखे समोरासमोर ठेवा आणि त्यांतला एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखाही हळूहळू फिरू लागेल. दोघांमध्ये कसलाही सांधा नाही, तरी एकाची ताकद दुसऱ्याकडे जाते.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अशीच जोडी असते, फक्त हवेच्या जागी तेल असते. तिला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. ही कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने ती जहाजांसाठी काढली होती. पुढे जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत 'हायड्रा-मॅटिक' हा गिअरबॉक्स दिला. त्यातही इंजिनाची ताकद तेलामार्फतच पुढे जात असे. क्लचचे पेडल गेले आणि वाहन चालवणे सोपे झाले.

मात्र पंख्यांच्या खेळात थोडी ताकद वाया जातेच. समोरचा पंखा कधीही पहिल्याइतक्या वेगाने फिरत नाही. तेलाच्या जोडीतही तसेच घडते. दोन्ही बाजूंच्या वेगात जो फरक पडतो त्याला 'घसर' म्हणू या. या घसरीत वाया गेलेली ताकद कुठे जाते? ती तेलातच उष्णता बनून राहते.

ही उष्णता किती असते, हे एका साध्या हिशेबावरून कळेल. समजा, चढावर इंजिन ६० किलोवॉट ताकद देत आहे आणि कन्व्हर्टरमध्ये तिचा पाचवा हिस्सा वाया जातो आहे. म्हणजे १२ किलोवॉट उष्णता थेट तेलात उतरली. आपल्या न्हाणीघरातला साठवणीचा गिझर साधारण २ किलोवॉटचा असतो. म्हणजे असे सहा गिझर एकदम लावून गिअरबॉक्समधले सात-आठ लिटर तेल तापवण्यासारखे झाले!

सपाट रस्त्यावर हा प्रकार होत नाही. गाडीने वेग घेतला की कन्व्हर्टरमधला 'लॉक-अप' क्लच दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट जोडून टाकतो आणि घसर थांबते. पण चढावर, ओझ्याखाली किंवा मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या रहदारीत तो वारंवार सुटतो. ज्या वेळी गाडीला सर्वांत जास्त कष्ट पडतात, नेमक्या त्याच वेळी तेल सर्वांत जास्त तापते.

तेलाचे आयुष्य

गिअरबॉक्समधले तेल नुसते वंगण नसते. ते ताकद वाहून नेते, त्याच्या दाबाने गिअर बदलतात, आतल्या क्लचच्या चकत्या तेच थंड ठेवते. म्हणजे स्वयंपाकी, वाढपी आणि भांडी घासणारा, सगळी कामे एकाच्याच गळ्यात. तो आजारी पडला की घरच बसले.

हे तेल साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला सुखात असते. त्यापुढे मेकॅनिक मंडळींमध्ये एक जुना ठोकताळा प्रसिद्ध आहे : तापमान दर ११ अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य निम्मे होते. ८० अंशांना जे तेल १,६०,००० किलोमीटर टिकेल ते ९१ अंशांना ८०,०००, १०२ अंशांना ४०,००० आणि ११३ अंशांना २०,००० किलोमीटरच टिकेल. १३५ अंशांवर सतत चालवले तर जेमतेम ५,०००! हा ठोकताळा जुन्या तेलांवरून बांधलेला आहे. आजची कृत्रिम तेले यापेक्षा बरीच जास्त उष्णता सोसतात. पण दिशा तीच राहते. ताप वाढला की आयुष्य घटणार.

तेल जळू लागले की आधी त्याचा चिकट थर आतल्या बारीक झडपांवर बसतो. मग रबराची सील कडक होऊन गळू लागतात. त्यापाठोपाठ क्लचच्या चकत्या घसरतात, त्या घसरण्याने आणखी उष्णता होते आणि मग हे चक्र थांबत नाही. तेलाचा वास आणि रंग पाहून ते ओळखता येते. नवे तेल बहुधा लाल आणि पारदर्शक असते. ते तपकिरी, काळपट झाले आणि त्याला करपलेला वास येऊ लागला की दुखणे जुने झाले असे समजावे. अशा वेळी बसवलेला कूलर पुढचे नुकसान कमी करील, पण झिजलेल्या चकत्या परत आणणार नाही. म्हणून तो आजारपणानंतर नव्हे, तर आधी बसवायचा असतो.

रेडिएटरच्या पोटातली नळी

मग कंपनीने काहीच सोय केलेली नसते का? असते. अनेक गाड्यांत गिअरबॉक्समधून दोन नळ्या निघून रेडिएटरकडे जातात. रेडिएटरच्या बाजूच्या टाकीत एक छोटा कूलर बुडवून ठेवलेला असतो. तापलेले तेल त्यातून फिरते, आपली उष्णता भोवतालच्या पाण्याला देते आणि परत येते. काही नव्या गाड्यांत हाच कूलर गिअरबॉक्सला चिकटून बसवलेला असतो.

ही व्यवस्था रोजच्या धावपळीला पुरेशी आहे. तिचा आणखी एक फायदा म्हणजे थंडीत इंजिनाचे गरम पाणी गारठलेल्या तेलाला लवकर ऊब देते. पण तिच्या दोन मर्यादा आहेत. पहिली अशी, की ते पाणी स्वतःच ९० अंशांच्या आसपास असते. त्याच्यापेक्षा तेल थंड करणे त्याला शक्य नाही. दुसरी मर्यादा चढावर उघडी पडते. तिथे इंजिनही तापलेले असते आणि रेडिएटरवर दुहेरी भार येतो. आधीच घामाघूम झालेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक गाठोडे ठेवावे, तसा प्रकार.

जादा कूलर या ठिकाणी मदतीला येतो. तो दिसायला लहानशा रेडिएटरसारखाच असतो. ॲल्युमिनियमच्या वाहिन्या आणि त्यांना लागून पातळ पट्ट्यांची जाळी. तेल आतून फिरते आणि बाहेरचा वारा त्याची उष्णता घेऊन जातो. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. नागमोडी नळी आणि तिच्यावर पट्ट्या, हा स्वस्त प्रकार. चपट्या वाहिन्या एकावर एक रचलेला प्रकार थोडा महाग, पण तेवढ्याच जागेत तो जास्त उष्णता बाहेर टाकतो. व्हॅनच्या पुढे जागा थोडी असल्याने जाणकार बहुधा दुसराच सुचवतात. आकार निवडताना गाडीचे सर्व ओझ्यासह एकूण वजन पाहतात. कूलरच्या खोक्यावर तो किती वजनाच्या गाडीसाठी आहे, हे लिहिलेले असते. अमेरिकेत असा कूलर शंभर डॉलरच्या आसपास मिळतो. प्रवासात एका कुटुंबाला हॉटेलच्या एका रात्रीला यापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात.

बसवताना कुठे चुकते?

काम अवघड नाही, पण 'दोन नळ्या जोडल्या की झाले' इतके सोपेही नाही. घाईने बसवलेला कूलर गिअरबॉक्स वाचवण्याऐवजी त्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून स्वतः केले काय किंवा गॅरेजमध्ये करवून घेतले काय, पुढील गोष्टींकडे लक्ष हवेच.

जागा : जादा कूलर सर्वांत पुढे, वातानुकूलनाच्या कंडेन्सरच्याही पुढे बसवतात. कारण तिथे ताजी, न तापलेली हवा मिळते. गाडी थांबलेली असताना रेडिएटरचा पंखा हीच हवा ओढून घेत असतो. त्यामुळे रहदारीतही कूलरला थोडा वारा लागतो. घाटातल्या त्या पाटीचा अर्थही इथे लागतो. कंडेन्सर घरातली, म्हणजे गाडीतली उष्णता बाहेर टाकतो ती नेमकी रेडिएटरच्या तोंडावर. तो बंद केला की रेडिएटरला मोकळा श्वास मिळतो आणि इंजिनावरचा भारही हलका होतो.

पकड : काही संचांत प्लॅस्टिकच्या दांड्या कंडेन्सरच्या जाळीतून आरपार घालून कूलर अडकवण्याची सोय असते. ती झटपट होते, पण गाडीच्या थरथरीने दांड्या घासून कंडेन्सरला भोक पडू शकते. लोखंडी पट्ट्या गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळून त्यांवर कूलर बसवणे केव्हाही चांगले. नळ्यांची तोंडे वर किंवा बाजूला ठेवावीत. ती खाली ठेवली तर आत हवा अडकून राहते.

क्रम : गिअरबॉक्समधून निघालेले गरम तेल आधी रेडिएटरमधल्या कूलरकडे, तिथून जादा कूलरकडे आणि मग परत गिअरबॉक्सकडे, हा रूढ क्रम आहे. मोठा ताप पाण्याने काढायचा, उरलेला वाऱ्याने. त्यासाठी परतीची नळी कोणती हे आधी ओळखावे लागते. गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत ते दिलेले असते. तर्काने ठरवू नये.

नळी : गिअरबॉक्सचे गरम तेल सोसणारी खास नळीच वापरावी. पेट्रोलची किंवा पाण्याची साधी रबरी नळी काही महिन्यांत मऊ होऊन फुटते. तेल दाबाखाली असते. नळी सुटली तर काही मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा पडतो आणि गरम तेल इंजिनाच्या तापलेल्या भागावर सांडले तर आगीचाही धोका असतो. क्लॅम्प नीट आवळलेले हवेत. नळी कुठे धारदार पत्र्याला घासत नाही आणि कुठे मुडपलेली नाही, हेही पाहावे.

तेल : कूलर आणि नळ्या यांत जेवढे तेल मावते तेवढे वरून भरावे लागते. तेल कंपनीने सांगितलेल्या जातीचेच हवे. 'सगळे लाल तेल सारखेच' हा समज फार महागात पडतो. पातळी कशी मोजायची हे प्रत्येक गाडीचे वेगळे असते. अनेक गाड्यांत ती तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून आणि गिअर 'पार्क'मध्ये ठेवून मोजतात. तेल कमी पडले तर दाब घटतो आणि जास्त झाले तर ते घुसळून फेस होतो. दोन्हींत गिअर घसरतात.

शेवटची तपासणी : काम संपल्यावर इंजिन चालू करून प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरून पाहावा. जवळपास एक फेरी मारून पुन्हा पाहावे आणि आठवड्याने परत एकदा. लांबच्या प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री हे काम कधीच काढू नये.

एक सूचना विशेष महत्त्वाची. एकदा गिअरबॉक्स निकामी होऊन नवा बसवला असेल, तर जुना कूलर आणि नळ्या धुऊन काढाव्यात किंवा बदलाव्यात. जुन्या चकत्यांचा भुगा त्यांत साठून राहतो आणि पहिल्याच फेरीत नव्या गिअरबॉक्समध्ये जातो. नवे भांडे आणायचे आणि त्यात जुने नासके दूध ओतायचे, तसे हे होते.

थंडी विसरून चालत नाही

एवढे वाचून कोणाला वाटेल, की मग रेडिएटरचा कूलर काढूनच टाकावा आणि मोठ्यातला मोठा जादा कूलर लावावा. तसे करू नये. फार थंड तेलही गिअरबॉक्सला मानवत नाही. शून्याखालच्या थंडीत तेल घट्ट होते, गिअर उशिरा बदलतात. लॉक-अप क्लचही तेल पुरेसे गरम झाल्याशिवाय लागत नाही आणि इंधन जास्त जळते. मिनेसोटा किंवा कॅनडासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी तेल थंड असताना ते कूलरकडे न जाऊ देणारी, उष्णतेवर चालणारी झडप बसवून घेणे शहाणपणाचे.

तसेच, प्रत्येकाला जादा कूलरची गरज असतेच असे नाही. सपाट शहरात शाळा, मंडई आणि ऑफिस एवढीच धाव असेल, तर तेल वेळेवर बदलणे पुरेसे आहे. शक्य असेल तर आधी तेलाचे तापमान मोजावे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना संगणकीय तपासणीचा ठरावीक सॉकेट असतो. त्याला योग्य वाचक-यंत्र जोडले की अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचे तापमान अंकांत दिसते. भरलेली गाडी नेहमीच्या चढावर नेऊन एकदा पाहिले की कूलर हवा की नको, याचा निकाल लागतो. ताप मोजल्याशिवाय औषध कशाला?

आपल्याकडे काय?

भारतात वर्षानुवर्षे क्लच आणि हाताने बदलायच्या गिअरच्या गाड्या चालल्या. त्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे हा प्रश्नही नव्हता. आजोबांच्या आठवणीतली एस.टी. तापायची ती इंजिनाच्या बाजूने. पण आता शहरोशहरी 'ऑटोमॅटिक' गाड्या दिसतात आणि इथेच गोंधळ होतो. कारण 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली निरनिराळी यंत्रे विकली जातात.

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे लोकप्रिय झालेला एएमटी प्रकार म्हणजे मुळात साधा गिअरबॉक्स. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते, एवढाच फरक. त्याला तेलाचा जादा कूलर लावून काहीही उपयोग नाही. घाटात तो तापतो तो त्याच्या कोरड्या क्लचमुळे. कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचीही हीच कथा. चढावर अडकलेल्या रांगेत गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरली, की क्लच करपलाच. तिथे ब्रेक लावून थांबणे हाच उपाय. सीव्हीटी प्रकारात तेल तापते हे खरे, पण त्याचे तेल आणि दाब वेगळे. त्यात कंपनीच्या सल्ल्याशिवाय हात घालू नये.

टॉर्क कन्व्हर्टरचा खरा ऑटोमॅटिक मोठ्या कौटुंबिक गाड्यांत आढळतो. २०१६ मध्ये आलेली टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसह मिळत असे. २०२० मध्ये आलेल्या किया कार्निव्हलमध्ये आठ गिअरचा ऑटोमॅटिक होता. अशा गाडीत सात माणसे, छपरावर सामान, मे महिना आणि सलग सुट्ट्यांमुळे बोरघाटात तुंबलेली वाहने, असा योग जुळून आला की तेलाची परीक्षा असते. इथे भरधाव वेग नसतो, पण तासभर चाललेली सरक-थांब, सरक-थांब तेवढीच वाईट. तरीही आपल्या गाडीला कारखान्यातून कोणता कूलर लावून आला आहे, हे आधी अधिकृत सर्व्हिस केंद्रात विचारावे. वॉरंटीच्या काळात परस्पर नळ्या कापून घेतल्या आणि पुढे काही बिघडले, तर कंपनी हात वर करण्याची शक्यता असते. वॉरंटीचा काळ संपलेला असेल आणि घाटाचा प्रवास नेहमीचा असेल, तर जाणकार मेकॅनिककडून योग्य आकाराचा कूलर बसवून घेण्यात शहाणपण आहे.

सवयी फुकटच्या

कूलर असो वा नसो, काही सवयींना पैसे पडत नाहीत. चढाला लागण्याआधीच खालचा गिअर निवडावा. त्यामुळे गिअरबॉक्सची सारखी वर-खाली चाललेली धरसोड थांबते. उतारावरही तोच गिअर ठेवला तर ब्रेक वाचतात. चढावर थांबताना गाडी ब्रेकवर धरावी, ॲक्सिलरेटरवर नाही. चिखलात रुतलेली गाडी पुढे-मागे रेटत राहू नये. मिनिटा-दोन मिनिटांत तेल भयंकर तापते. सामान जेवढे कमी तेवढे उत्तम.

गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली किंवा जळका वास आला, तर सुरक्षित जागी थांबावे, हँडब्रेक लावावा आणि गिअर 'पार्क'मध्ये ठेवून इंजिन काही वेळ चालू ठेवावे. इंजिन चालू असले तरच तेलाचा पंप चालतो आणि तेल कूलरमधून फिरत राहते. मात्र इंजिनाचाच काटा लाल रेषेवर गेला असेल, धूर दिसत असेल किंवा तेल गळत असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करून सर्वांनी गाडीपासून दूर व्हावे.

आता पुन्हा त्या व्हॅनकडे वळू या. समजा, निघण्याच्या महिनाभर आधी मुलाने शनिवारची दुपार खर्च करून गाडीच्या तोंडाशी ती छोटी जाळी बसवून घेतली आहे, नवे तेल भरले आहे आणि दोनदा तपासूनही झाले आहे. पाटी दिसताच तो वातानुकूलन बंद करतो, गिअर एकाने खाली आणतो आणि सर्वांत उजव्या पट्ट्यातून, ट्रकांच्या मागे सावकाश चढू लागतो. नातवंडे उकाड्याने कुरकुरतात. आजी ओला रुमाल त्यांच्या कपाळावर ठेवते. अर्ध्या तासात खिंड येते, खिडक्यांतून गार वारा आत शिरतो आणि पलीकडचा उतार दिसू लागतो.

गाडी तापली नाही, म्हणून या घाटाची गोष्ट पुढे कोणी कुणाला सांगणार नाही. आजी-आजोबांच्या आठवणीत राहतील ते योसेमिटीचे धबधबे. सहलीचे सगळे पैसे वसूल झाले ते इथेच!